मन्सुरी सरांची दुसरी वही

"ताई, ही वही तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. दिवाळीपरेंत मले देऊ नका. मी मांगतली तरी देऊ नका. हात जोडले तरी देऊ नका."

मन्सुरी सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे असं. मलकापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागून मला महिनाही झाला नव्हता. काउंटरवर पुस्तकांना नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते, तर समोर एक उंच, जरासा वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. खिशाला शाईचा डाग आणि हातात दोनशे पानी वही. मला वाटलं, घरच्यांपासून लपवायचं काहीतरी असावं. नव्या नोकरीत नको ती भानगड, म्हणून विचारलं, "यात आहे काय सर?" तर म्हणाले, "गणित आहे. माह्यंच आहे. पन मलेच दाखवायचं नाही."

मी वही घेतली आणि कुलपात ठेवली.

पंधरा दिवसांनी साहेब हजर. "ताई, वही द्या बरं, दोन मिनिटं." मी म्हटलं, "दिवाळी झाली का सर?" "झाली नाही, पन एक पान पाह्याचं आहे. एकच." "नाही मिळणार." "अहो ताई, माह्या जीव अटकून राह्यला त्याच्यात." "अटकू द्या." खरं सांगते, इतका मोठा माणूस असा केविलवाणा उभा, आणि मी कालची आलेली बाई त्याला हुसकावतेय, मलाच कसंतरी झालं. पण सर दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "शाब्बास. अशाच राहा." दिवाळीनंतर वही दिली तेव्हा त्यांनी दुसरी एक वही काढून शेजारी ठेवली आणि दोन्हींची शेवटची पानं उघडली. दोन्हीकडे सारखं काहीतरी लिहिलेलं होतं. सरांनी खुर्चीत बसून रुमालानं तोंड पुसलं आणि चहा मागवला.

ही त्यांची कामाची रीत होती. कुठलंही मोठं गणित झालं की ती वही कुलपात जायची. मग ते तीनचार महिने दुसरं काहीतरी करायचे, आधीचं डोक्यातून जाईपर्यंत. मग कोऱ्या वहीत तेच गणित पहिल्या ओळीपासून. मधे चोरून पाहिलं तर सगळं फुकट, म्हणून किल्ली माझ्याकडे. मी एकदा म्हटलं, "सर, एवढा अविश्वास स्वतःवर?" तर म्हणाले, "एकदा केलेलं गणित म्हणजे अफवा, ताई. दुसऱ्यांदा केलं अन् तेच आलं, तर तिले बातमी म्हना."

मन्सुरी सर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. म्हणजे प्रयोग नाही, यंत्र नाही, नुसता कागद आणि पेन. अणूच्याही पोटातले जे कण असतात ते एकमेकांशी कसे वागतील, हे गणितानं काढायचं. मलकापुरात हे समजावणं सोपं नव्हतं. 'फिजिक्सचे डॉक्टर' म्हटल्यावर गल्लीतले लोक मिक्सर घेऊन यायचे. सर बिचारे मिक्सर उलटासुलटा करून पाहायचे आणि म्हणायचे, "बापा, याच्यापेक्षा लहान काही असन तर आना." त्यांच्या वडिलांचं बाजारात गादीचं दुकान होतं, पिढीजात कापूस पिंजायचं काम. त्यांचं नाक लहानपणापासून कापसाच्या तंतूंनी चोंदलेलं असायचं, म्हणून बोलताना मधेच सूं करून श्वास घ्यायची सवय होती. मुलं त्याची नक्कल करायची. सरांना माहीत होतं, आणि चांगली केली तर ते हसायचेही.

माणूस मुळातच भित्रा. मी हे प्रेमानं म्हणते, पण भित्राच. विभागाला कुलूप लावलं की नाही याची खात्री करायला एकदा नांदुऱ्यापर्यंत गेलेले बसमधून उतरून परत आले होते. पेपर सेट केला की रात्र रात्र घोर, प्रश्न चुकला तर पोरांचं काय होईल. रोज सकाळी एक यादी पाहायचे. जगभरातले संशोधक आपले नवे लेख छापायच्या आधी जिथं टाकतात, ती यादी आपल्याकडे पहाटे पहाटे येते. सर चहाच्या आधी ती उघडायचे. निधनवार्तांचा कॉलम आधी वाचणारी माणसं असतात ना, तसं. मला वाटायचं, आपलं काम दुसरा कोणी आधी करून बसला की काय याची धास्ती असेल. तसं ते सांगायचेही. ते अर्धंच खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सरांची कारकीर्द म्हणजे एक लेख. असं म्हटलं की बरं वाटत नाही, त्यांनी आयुष्यभरात आठ-दहा लेख लिहिले, पण जगाला माहीत असलेला एकच. पुण्याच्या एका संस्थेत ते तरुणपणी संशोधन करत होते. तिथल्या पहिल्याच व्याख्यानात फळ्यापाशी उभं राहून ते बोलून गेले, "आता हे मायनस कुठून येऊन राह्यलं ते पाहू," आणि अख्खा हॉल हसला. त्यानंतर तिथं ते मराठीत बोललेच नाहीत. इंग्रजीत बोलायचे, तेही मोजकं. पण त्याच संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या गाईडनी मिळून एक मोठं समीकरण सोडवलं, आणि त्याच्या उत्तरात एक नवा छोटा भाग निघाला, जो आधी कोणाला दिसला नव्हता. लोक त्याला 'मन्सुरी टर्म' म्हणू लागले. परदेशातल्या लेखांतही तेच नाव. ज्याच्या बोलण्याला हॉल हसला होता, त्याचं आडनाव आता ते सगळे लिहीत होते. पण लेख पाठवायच्या सुमारासच इकडे वडिलांना अर्धांगवायू झाला होता, घरात हा एकच मुलगा, तर सर सगळं सोडून मलकापूरला आले आणि कॉलेजात लागले. गेलेल्या संधीबद्दल त्यांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही. म्हणायचे, "माह्या कामाले जागा किती लागते? एका टेबलाची. ते मलकापुरात भेटते."

कॉलेजला मात्र त्या टर्मचा भारी अभिमान. दर वार्षिकांकात सरांचा फोटो आणि खाली 'जागतिक कीर्तीचे संशोधन'. सर तो अंक हातातही घेत नसत. मी समजायचे, विनयशील माणूस आहे.

माझ्याकडे बारा वर्षांत त्यांच्या वह्यांच्या कितीतरी जोड्या येऊन गेल्या. एकदा सहज थट्टेनं म्हटलं, "सर, त्या प्रसिद्ध गणिताची दुसरी वही कुठंय? ती तर संग्रहालयात ठेवायला पाहिजे." सरांनी सूं करून श्वास घेतला आणि उठून गेले. चहा तसाच राहिला.

त्यानंतरच्या दिवाळीपाठोपाठ ते पत्र आलं. ईमेलच, पण सर त्याला पत्रच म्हणायचे, कागदावर छापून आणलेलं. मदुराईकडची मीनाक्षी नावाची मुलगी, दक्षिणेतल्याच एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी. तिचा सगळा प्रबंध मन्सुरी टर्मवर उभा. तीच गोष्ट तिनं कॉम्प्युटरवर वेगळ्या वाटेनं काढून पाहिली, तर तिचा आकडा सरांच्या उत्तराशी जुळत नव्हता. पत्र इतकं नम्र की वाचवेना. चूक माझ्याच प्रोग्राममध्ये असणार, माझ्या गाईडही तेच म्हणतात, मी चार महिने शोधतेय, सापडत नाही, तुम्ही कुठे शोधावं हे सुचवाल का?

सरांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि उभेच राहिले. मग एकदम म्हणाले, "ताई, त्या गनिताची दुसरी वही नाही."

"म्हणजे हरवली?"

"म्हणजे केलीच नाही. तेव्हा घाई होती. इकडं अब्बाजान पडले होते, गाईडले लेख पाठवाचा होता. नंतर करू म्हनलं. मग लोकं नाव घेऊ लागले." त्यांनी कागदाची घडी घातली. "मग भेव वाटलं, अन् मग लयच वाटलं. बाकी समदं दोन-दोनदा केलं मी. वीस वर्षं. तेवढंच नाही केलं."

तेव्हा मला कळलं, हा माणूस रोज पहाटे त्या यादीत काय शोधत होता ते. आपली चूक दुसऱ्या कोणी दाखवली का, हे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी वही आणली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली, पिवळी पडलेली. मी कुलपात टाकली. मीनाक्षीला त्यांनी दोन ओळी लिहिल्या, मला थोडा वेळ दे, मी पुन्हा करतो. तिचं उत्तर आलं की जूनमध्ये माझी कमिटी बसणार आहे, आकडे जुळले नाहीत तर बहुतेक मला विषय सोडून गावी परत जावं लागेल, पण तुम्ही घाई करू नका. 'घाई करू नका' हे वाचून तर सरांनी त्याच दिवशी कोरी वही उघडली.

ते सहा महिने मी कधी विसरणार नाही. सर वर्ग घ्यायचे, वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, लिहायचे. वाळले. नसीमभाभी, त्यांच्या पत्नी, मला फोन करून विचारायच्या, "ताई, कॉलेज में कुछ हुआ क्या? खाते नहीं, बात नहीं करते." मी गणिताचं काम आहे म्हणायचे. फेब्रुवारीत एकदा ते काउंटरवर आले आणि टेकून उभे राहिले. "ताई, एक पान." मी मानेनंच नाही म्हटलं. "मी तिथंच चुकलो असन तर? आताही तिथंच चुकून राह्यलो असन तर?" "तर शेवटी कळेल." "तुमाले काही वाटत नाही काय हो!" असं चिडून बोललेले मी त्यांना एकदाच ऐकलं. घरी जाऊन मी रडले. नवरा म्हणाला, गणितासाठी रडणारी बाई पहिल्यांदा पाहिली.

मेच्या मध्यात दुसरी वही संपली. उन्हाळा असा की वाचनालयातला कूलर गरम हवाच फेकत होता. सरांनी वही आणली आणि म्हणाले, "आता तुम्ही जुळवा."

"मी? मी बी.ए. आहे सर. मराठी."

"म्हनूनच. माह्ये डोये बेइमान आहेत. जे पाह्याचं तेच पाह्यतीन. तुम्ही चित्रं समजून जुळवा. दोन्हीकडं ओळींले नंबर आहेत. तिकडच्या एकवीस नंबरात जे चित्र, ते इकडच्या एकवीस नंबरात पाह्यजे. बस."

मग एक गोष्ट त्यांनी समजावून सांगितली, कारण ती चिन्हं सगळीकडे होती. आपल्या आकड्यांत तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा. पण या कणांच्या गणितात काही राशी अशा असतात की त्यांची जागा बदलली की उत्तरापुढे वजा लागतो. माझं तोंड पाहून सर म्हणाले, "माह्या दोन फुप्या होत्या, अब्बाजानच्या बहिनी. मोठीले आधी वाढलं तर समदं ठीक. धाकटीले आधी वाढलं, की तेच जेवन, तेच लोकं, पन घरात मायनस." मला हे असं पक्कं कळलं की आजही विसरत नाही.

मी पट्टी घेऊन बसले. रोज सकाळी दोन तास. पहिले तीन दिवस सगळं जुळलं, आणि मला इतका आनंद की मी सरांना लांबूनच मानेनं सांगायचे, ठीक. चौथ्या दिवशी जुन्या वहीच्या पान एक्केचाळीसवर आले. एका ओळीत दोन राशी शेजारी शेजारी, आणि पुढच्याच ओळीत त्यांच्या जागा बदललेल्या. चिन्ह मात्र तेच, अधिक. नव्या वहीत वजा.

धाकटीला आधी वाढलं होतं, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी पुढे उलटत गेले. जुन्या वहीत त्या अधिकमुळे शेवटी दोन तुकडे एकत्र येऊन एक भाग उरत होता आणि त्याला लाल चौकट होती. तीच ती मन्सुरी टर्म. नव्या वहीत तेच दोन तुकडे एकमेकांना खाऊन टाकत होते. शेवटच्या ओळीत होतं शून्य, त्याला चौकट नाही, खूण नाही.

सरांना हे आधीच माहीत होतं? अर्धं असावं. शून्य त्यांना आलं होतं, पण चुकलंय ते जुनं की नवं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जुनं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. मनातल्या मनात देवाला हात जोडत असणार की नवंच चुकलेलं निघो.

आणि मी काय केलं? मी दोन दिवस बोलले नाही. "अजून चाळीस पानं राहिलीत" म्हणाले. मला सांगायची लाज वाटते, पण हे सांगितल्याशिवाय सरांची गोष्ट खरी होणार नाही. तिकडे त्या पोरीची कमिटी दोन आठवड्यांवर आलेली, आणि मी इथं कूलरसमोर बसून विचार करतेय की पट्टी सरकली म्हणून सांगावं का. तिसऱ्या दिवशी सर येऊन समोर बसले. "ताई, तुमी काल माह्याकडं पाह्यलं नाही. कोनतं पान?"

"एक्केचाळीस."

त्यांनी पान उघडलं. बोट ठेवलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. मला वाटलं आता यांना काहीतरी होतं, मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ते फक्त म्हणाले, "अरे बापा. इतकं साधं."

मी तेव्हा जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे. "सर, कोणाला कळणार आहे? वीस वर्षं कोणाला कळलं नाही. त्या मुलीला काहीतरी गोल गोल लिहून कळवा, विषय बदल म्हणावं. तुमच्या प्रमोशनची मुलाखत आहे, तुमचं नाव आहे..." मी बोलतच होते. सरांनी मला थांबवलंही नाही. मी संपल्यावर म्हणाले, "ती पोरगी सोताले चुकीची समजून राह्यली, ताई. दहा महिने झाले. चूक तिच्यात नाही. इथं आहे." आणि पानावर बोट वाजवलं.

लेखावर दोघांची नावं, म्हणून आधी आपल्या जुन्या गाईडना फोन लावला. माझ्या काउंटरवरूनच, स्पीकरवर, कारण दोन्ही वह्या समोर उघड्या धरायच्या होत्या. गाईड आता फार मोठे झालेले, निवृत्त, पुण्यातच. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मन्सुरी, 'सुधारणा' असं काहीतरी म्हण. 'मागे घेतो' हा शब्द कशाला?"

सर म्हणाले, "सर, उत्तर शून्य आहे. शून्याले सुधारना कशी म्हनू?" पुण्याच्या माणसाशी ते वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलले होते.

तिकडून आधी नुसतं 'हं' आलं. मग, "मला वाटलं होतं, तू दुसऱ्यांदा केलं असशील."

"मले वाटलं तुमी केलं असन."

दोन विद्वान माणसं, एकमेकांवर भरवसा टाकून वीस वर्षं निर्धास्त. नाही, निर्धास्त तरी कुठले, एक तर मुळीच नाही. शेवटी गाईड म्हणाले, "कर. माझी सही घे."

त्याच दुपारी सरांनी मीनाक्षीला लिहिलं. तुझा आकडा बरोबर आहे. माझा लेख चुकीचा आहे, पान आणि ओळ पुढे देतो. ती टर्म शून्य आहे हे तू दाखवलंस, तोच आता तुझा प्रबंध. तुझ्या गाईडना आणि कमिटीला हे पत्र दाखव. मला लिहायला उशीर झाला, माफ कर. मी म्हटलं, माफीचं कशाला? सर म्हणाले, "वीस वर्षांच्या उशिराले माफी नाही मांगाची तर कायले मांगाची?" तिचं उत्तर तासाभरात आलं. एकच ओळ होती, मी गावी परत जायचं तिकीट रद्द केलं.

सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. रडले. खरंच रडले, वाचनालयात, दोन विद्यार्थ्यांच्या देखत. मीही रडले, आणि मला माझ्या त्या दोन दिवसांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. ते दोन दिवस सरांना माहीत होते. त्यांनी कधी काढले नाहीत.

पुढे तो लेख ज्या मासिकात आला होता तिथं दीड ओळीची सूचना आली, लेखकांच्या विनंतीवरून लेख मागे घेण्यात येत आहे. प्रमोशन अडकलं. प्राचार्यांना सरांनी स्वतः जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "असू द्या हो सर, आपल्याकडे कोणाला काय कळतंय." मला वाटलं होतं, आता तरी या माणसाला झोप लागेल. लागली, आठवडाभर. मग एका सकाळी काउंटरवर हजर. "ताई, शून्य तरी बरोबर आहे काय?" मी कपाळावर हात मारला. "अहो सर, तिच्या कॉम्प्युटरनंही शून्यच काढलं ना!" तर म्हणाले, "दोघांनी मिळून केलेली चूक मी पाह्यली आहे." पण हे म्हणताना हसत होते. पूर्वीची ती धास्ती नव्हती, बारीक घोर होता, आणि तो बहुधा त्यांच्या धंद्यातच असावा.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सर गेले. सकाळी छातीत दुखलं, जळगावला नेईपर्यंत संपलं होतं. छप्पन्न वर्षांचे होते. मीनाक्षी मदुराईहून दोन गाड्या बदलून आली. आता ती डॉक्टर मीनाक्षी. दफन होऊन गेलं होतं. नसीमभाभींजवळ जमिनीवर तासभर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाला कॉलेजनं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचं ठरवलं. मला फार बरं वाटलं. हॉल भरलेला, व्यासपीठावर पाहुणे, पहिल्या रांगेत नसीमभाभी आणि त्यांच्या सासरची मंडळी. फलकावरचा पडदा सरकला. सरांचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत मजकूर. ऑफिसनं तो जुन्या वार्षिकांकातून जसाच्या तसा उचलला होता. 'जगप्रसिद्ध मन्सुरी टर्मचे जनक.' टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी तेच माइकवर वाचून दाखवलं, पुन्हा टाळ्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्यांनी विचारलं, काय झालं मॅडम, मी काही नाही म्हटलं. खरंच मनात आलं, जाऊ दे. मेलेल्या माणसाच्या सत्काराच्या दिवशी, त्याच्या बायकोसमोर, नातेवाइकांसमोर, पाहुण्यांसमोर? कोणाला कळणार आहे? आणि हे मनात आल्याबरोबर मला ते वाक्य ओळखू आलं. मी उभी राहिले.

"सर, फलकावरचा मजकूर चुकलाय." मी फलकाकडे बोट केलं. "ती टर्म नाही. ती शून्य आहे. मन्सुरी सरांनी स्वतः लेख मागे घेतला होता."

मग कुजबुज. मागून कोणीतरी म्हणालं, बाईला हीच वेळ सापडली का? शेजारच्यांनी माझा पदर ओढला, बसा, बसा. प्राचार्य माइकवर खाकरले, "मॅडम, हा प्रसंग..." आणि मी खुर्चीचा हात धरून खाली बसायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत नसीमभाभी मागे वळल्या. डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बैठो नको, ताई. पूरा बोलो."

मी बसले नाही. पान एक्केचाळीसपासून सगळं सांगितलं.